मिटवणं वेगळं, भरून देणं वेगळं: पहिल्यांदाच मध्ये बसणाऱ्यासाठी

तालमीच्या कट्ट्यावर, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नाहीतर गावात पारावर, कधी ना कधी कुणीतरी तुम्हाला म्हणतं, "जरा मध्ये बसा की, मिटवून टाकूया." तुम्ही शिक्षक असता, मंडळाचे माजी अध्यक्ष असता, किंवा दोन्हीकडच्यांना ओळखता एवढाच तुमचा गुन्हा असतो. हे काम आधी कधीच न केलेल्या माणसासाठी हा लेख आहे.

सुरुवातीला मीही मिटवतच होतो. मिटवणं म्हणजे आवाज बंद करणं. दोन हजार हातात ठेवायचे, "पोरं हायत, सोडा की आता" म्हणायचं आणि चहा सांगायचा. ज्याचं नुकसान झालं तो गप्प बसतो, आपण समजतो विषय संपला.

कोल्हापुरात रंकाळा तलावावर उकडलेल्या शेंगा आणि कणसं विकणाऱ्या एका मावशींच्या बाबतीत मी हेच केलं. फुटबॉलची मॅच हरून आलेल्या तीन पोरांनी गाडीवरून जाता जाता त्यांच्या गाड्याला लाथ घातली. गाडा कलंडला, शेगडी रस्त्यावर, चाक वाकडं, पोरं हसत पसार. पोरं आमच्याच पेठेतली निघाली. तालमीत बसून मी दोन हजार देववले आणि हात झटकले. दीड महिन्यानं रंकाळ्यावर गेलो तर चौपाटीवरच्या जागी मावशी नव्हत्या. त्या लांब, शालिनी पॅलेसच्या बाजूला गाडा लावत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "ती पोरं तिथनं रोज जात्यात ओ. मला बघून हसत्यात." माझ्या हिशेबात मिटलेलं भांडण त्या रोज ढकलत इकडे आणत होत्या.

नुसतं न मिटवता भरून देण्याच्या पद्धतीला जगात रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात, पुस्तकी मराठीत पुनर्स्थापक न्याय. नाव जड आहे, कट्ट्यावर वापरू नका, लोक उठून जातील. कोर्ट विचारतं की कोणतं कलम मोडलं, कुणी मोडलं, शिक्षा किती. इथे विचारायचं असतं की कुणाला लागलं, त्याला आता काय हवंय आणि ते भरून देणं कुणाच्या अंगावर येतं. मावशींना पहिले दोन प्रश्न मी विचारलेच नव्हते. म्हणून ते प्रकरण मी परत पहिल्यापासून हातात घेतलं.

आधी हे प्रकरण आपलं आहे का ते बघा

उत्साहात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बलात्कार, विनयभंग, लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार, जातीवरून झालेला अत्याचार, नवऱ्याची मारहाण, हुंड्याचा छळ, जीवघेणा हल्ला यांत मध्ये बसायचं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. बलात्कारात तडजोड चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलंय. एका उच्च न्यायालयानं विनयभंगाच्या आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घे अशी जामिनाची अट घातली होती, तीही सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रद्द केली. राखी बांधली की झालं, हा विचार आपल्याकडच्या बैठकांतही डोकावतो म्हणून मुद्दाम सांगतो.

ज्या गुन्ह्यात कायदा तडजोडीला परवानगी देत नाही तो दाबायला पैसे घेणं-देणं हा वेगळा गुन्हा होतो. तुम्ही मध्यस्थ असलात तर त्यात तुमचंही नाव येईल.

दुसरं, दंड आणि वाळीत टाकणं. गल्लीतून हद्दपार, कार्यक्रमाला बोलवायचं नाही, पंचांकडे अमुक हजार भरा, असलं काही ठरवायला लागलात तर ती जात पंचायत झाली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या बैठकीत पंचाला एक रुपया मिळत नाही आणि कुणाचंही पाणी-विस्तव बंद होत नाही.

मग उरतं काय? बरंच उरतं. तोडफोड, किरकोळ मारामारी, शिवीगाळ, शेजारच्या कुंडीवरून सुरू होऊन कॉलर धरण्यापर्यंत गेलेलं भांडण, शाळेत पोरांनी एकाला दिलेला त्रास, बांधावरची झाडं तोडणं, उसात सोडलेली जनावरं. खाजगी माणसाची मालमत्ता फोडली तर तडजोड होऊ शकते, पण केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसची काच फोडली तर नाही. सार्वजनिक मालमत्तेचा कायदा वेगळा आहे. शंका आली तर आधी वकिलाला विचारा.

आणि एक अट, जिच्यावाचून पुढे जायचंच नाही. ज्यानं केलं त्यानं "मी केलं" हे मान्य केलेलं असलं पाहिजे. तो नाकारत असेल तर खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही, ते कोर्टाचं.

पहिलं घर ज्याला लागलं त्याचं

बैठकीआधी दोघांना वेगवेगळं भेटायचं, आणि आधी ज्याचं नुकसान झालं त्याला. त्याच्या घरी, त्याच्या सोयीच्या वेळी. एकट्यानं. बरोबर नगरसेवक नको, पोराचा काका तर नकोच.

दुसऱ्या खेपेला मी मावशींकडे दुपारी तीनला गेलो, त्यांची शेंगा निवडायची वेळ. पहिला अर्धा तास मी नुसत्या शेंगा निवडल्या. पैशाचं त्या काही बोलल्याच नाहीत. "चाक मोडलं त्याचं काय न्हाई ओ. पण मी खाली बसून कणसं गोळा करतोय आणि ही हसत्यात. माझ्या नातवाएवढी हायत." मग उजवं मनगट दाखवलं. गाडा सावरताना मुरगळलं होतं, तेव्हापासून चढाला गाडा ढकलताना दुखत होतं. तालमीतल्या बैठकीत मनगटाचा विषय निघाला नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

इथे ज्याला लागलं त्याला तुम्ही तीन गोष्टी सांगायच्या. "पोरांना भेटायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं." माफ करायलाच पाहिजे असं नाही. आणि मधेच उठून जावंसं वाटलं तर जायचं. तिसरी गोष्ट ऐकून माणूस खुर्चीत सैल होतो, मी दर वेळी बघतो. "मोठ्या मनानं घ्या" हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. ज्याचं मोडलंय त्यानंच मोठं मन करायचं, हा कुठला न्याय?

मावशींचा खर्चही तिथेच लिहून घेतला. चाक १,२००, शेगडी ७००, वजनकाटा ९००, वाया गेलेला माल ८००, चार दिवस बुडालेला धंदा दिवसाला ४०० प्रमाणे १,६००. एकूण ५,२००. मी दोन हजारांत मिटवलं होतं.

मग पोरांचं घर

इथे वेगळीच पंचाईत असते. बाप आधी हात उगारतो, मग पाकीट काढतो. दोन्ही थांबवा. बापानं पैसे भरले की पोराच्या दृष्टीनं हिशेब बाप आणि मावशींच्यात झाला, तो मोकळा.

पोराशी एकट्यानं बोला, फार उपदेश करू नका. "काय झालं ते पहिल्यापासून सांग" एवढं म्हणून गप्प बसा. पहिलं उत्तर ठरलेलं, "मी काय मुद्दाम केलो न्हाई ओ, गर्दीत पाय लागला." दुसऱ्यांदा विचारलं की "तो म्हणला म्हणून मी मारली" येतं. "मारली" हे क्रियापद स्वतःच्या नावावर आलं की तो बैठकीला तयार झाला असं समजा. तिघांपैकी एकाच्या तोंडून ते कधीच आलं नाही. त्याला मी बसवला नाही. दोघांवरच बैठक घेतली. तिघंही आले पाहिजेत असा हट्ट धरला असता तर मावशींना त्याचं "पाय लागला" समोर बसून ऐकावं लागलं असतं.

उरलेल्या दोघांतला एक सतरा वर्षांचा होता. अठराच्या आतल्यांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे आणि त्याचा सूरच वेगळा आहे. शक्य तिथे कोर्टाच्या फेऱ्यांपासून पोराला बाजूला ठेवा, असं त्यात तत्त्व म्हणून लिहिलंय. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं तरी समज देणं, समुपदेशन, समाजसेवा असे पर्याय मंडळाकडे असतात. मुलाच्या कपाळावर गुन्हेगार असा शिक्का बसू नये ही काळजीही त्यात आहे. कोल्हापूरला हा विचार परका नाही. जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोज लावावी लागणारी हजेरी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली, आणि फासेपारध्यांना पहाऱ्याचं काम दिलं. ज्याला चोर म्हणत होते त्याच्याच हातात राखण दिली.

जागा, खुर्च्या, माणसं

तालमीत बैठक घेऊ नका. मी घेतली होती. भिंतीवर पैलवानांचे फोटो, दारात पोरांचे वीस दोस्त, कोपऱ्यात मावशी पदर धरून बसलेल्या. त्या काय बोलणार? जागा अशी हवी की जी कुणा एकाची नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, गावात ग्रामपंचायतीचं सभागृह. मंदिराचा मंडप टाळा, देवासमोर लोक पटकन माफ करतात आणि घरी जाऊन पस्तावतात.

खुर्च्या गोल, मध्ये टेबल नको. तुम्ही दोघांच्या मध्ये, पण जरा मागे सरून. मोबाईल बंद. फोटो नाही, स्टेटस नाही, ग्रुपवर "आज सामंजस्याने" वगैरे काही नाही.

माणसं मोजकी. प्रत्येकाबरोबर त्याला धीर देणारं एखादं माणूस. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यात मुलांच्या गुन्ह्यांसाठी सगळं घरच बैठकीला बोलवायची पद्धत आणली, तिच्यामागे तिथल्या माओरी समाजाची रीत होती. आपल्याकडेही आई समोर बसली की पोराची भाषा बदलते. मावशींबरोबर त्यांची सून आली, पोरांबरोबर एकाची आई आणि दुसऱ्याचा थोरला भाऊ. पुढाऱ्यांना मी नम्रपणे टाळतो. त्यांना वेळ नसतो आणि घाई मात्र असते.

प्रत्यक्ष बैठक

ऑस्ट्रेलियात वॅगा वॅगा नावाच्या शहरात १९९१ पासून पोलिसांनी पोरांच्या गुन्ह्यांसाठी अशा बैठका घेतल्या. त्यातून पुढे ठरलेल्या प्रश्नांचा कागद हातात धरून बैठक चालवायची पद्धत रुळली. मीही कागद धरतो. तोंडपाठ असलं तरी धरा, म्हणजे तुमचं स्वतःचं भाषण सुरू होत नाही.

आधी ज्यानं केलं त्याला: काय झालं? त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं? तेव्हापासून काय वाटतंय? कुणाकुणाला लागलं असेल? मग ज्याला लागलं त्याला: तेव्हा काय वाटलं? त्यानंतर तुमच्या रोजच्यात काय बदललं? सगळ्यात जड काय गेलं? मग बरोबरच्या माणसांना. आणि शेवटी परत ज्याला लागलं त्याला: आता काय झालं तर बरं वाटेल?

"का केलंस?" विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी बहाणा असतो.

मावशींनी कणसं गोळा करायचं सांगितलं तेव्हा खोलीत कुणीच काही बोलेना. घड्याळात दीड मिनिट गेलं. नवख्या मध्यस्थाला इथे चहा सांगावासा वाटतो. सांगू नका, ती शांतता पोराची आहे. शेवटी तो म्हणाला, "मावशी, मी हसलो ते भ्यालो म्हणून. शेगडी रस्त्यात पडल्याली बघून भ्यालतो." मावशींनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. "मग थांबायचं हुतं की," एवढंच म्हणाल्या.

आता एक खास आपल्याकडची अडचण. पोरगं उठतं आणि थेट पाया पडतं. दिसायला छान, पण पाया पडल्यावर समोरच्या बाईला "असू दे बाळा" म्हणावंच लागतं, आणि तिचं बोलणं तिथेच तुटतं. म्हणून मी आधीच सांगून ठेवतो, सगळं बोलून होईपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही. नंतर पाया पड, कोण नको म्हणतंय?

ओरडाआरडा झाला तर घाबरू नका, शिवी आली तर थांबवा. कुणी जुनी उणीदुणी काढायला लागला तर ती कागदावर लिहून घ्या आणि "यासाठी वेगळं बसू" म्हणा.

कागद

काय करायचं ते ज्याला लागलं त्यानं सुचवायचं आणि करणाऱ्यानं जमेल का ते सांगायचं. तुम्ही फक्त नेमकं करून घ्यायचं. "यापुढे चांगलं वागेन" हा करार नव्हे. कोण, काय, कधीपर्यंत, एवढं लिहा.

कॅनडात ऑन्टारिओमधल्या एल्मायरा गावात १९७४ साली दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. एका प्रोबेशन अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना त्या त्या घरी पाठवलं. दारात उभं राहून, मीच तो, असं सांगायचं आणि नुकसान भरून द्यायचं. आजच्या या पद्धतीची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. मला त्यातलं दार महत्त्वाचं वाटतं. मनीऑर्डरनं पैसे पाठवायला तेव्हाही येत होतं.

आमच्या कागदावर हे आलं. उरलेले ३,२०० रुपये दोघांनी निम्मे निम्मे, दोन हप्त्यांत, स्वतःच्या कमाईतून. दोघांतला थोरला उद्यमनगरात एका वर्कशॉपला कामाला होता, त्यानं गाड्याचा वाकलेला सांगाडा स्वतः वेल्डिंग करून द्यायचा. धाकट्याकडे कमाई नव्हती, त्यानं सुट्टीत सकाळी दूध टाकायचं काम धरलं. आणि मावशींनी मागितलेलं शेवटचं: पंधरा संध्याकाळ दोघांनी आळीपाळीनं गाडा चढावरून चौपाटीपर्यंत ढकलत आणायचा, त्यांच्या जुन्या जागेवर. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

काम अपमानाचं नसावं. गळ्यात पाटी, उठाबशा, सगळ्यांसमोर माफी, असली मागणी आली तर समजावून बाजूला काढा. आणि ते पोराला झेपणारंही असावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी तो फोन उचलायचा बंद होतो.

कागदाच्या तीन प्रती, सगळ्यांच्या सह्या. अठराच्या आतला असेल तर पालकांचीही. स्टॅम्प पेपरचा आग्रह धरणारे भेटतील. या आकाराच्या गोष्टीला साधा फुलस्केप पुरतो.

पोलीस ठाणं आणि कोर्ट

मावशींच्या भाच्यानं आधीच एनसी दिली होती, म्हणजे अदखलपात्र तक्रार. त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. गुन्हा दाखल होऊन प्रकरण कोर्टात गेलं असेल तर आपला कागद पुरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या ३५९ कलमात कोणत्या गुन्ह्यात तडजोड होते, कुणाच्या संमतीनं होते आणि कुठे कोर्टाची परवानगी लागते, याचे तक्ते आहेत. तडजोड मान्य झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. अर्ज ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडून येतो, म्हणून त्याच्यावर दबाव नाही ना हे परत विचारा.

वकील परवडत नसेल तर कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. १५१०० ही त्यांची देशभरची हेल्पलाइन. लोकअदालतीत तडजोडपात्र प्रकरण मिटलं तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तिथे सही करायच्या आधी कागद घरी नेऊन वाचा.

तक्त्यात न बसणारा पण मुळात दोघांपुरताच असलेला वाद उच्च न्यायालय आपल्या अधिकारात रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा अशा गंभीर गुन्ह्यांना ही सवलत नाही, हे २०१२ च्या ग्यान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सीपीआर रुग्णालयासमोर.

गावात असाल तर तंटामुक्ती समिती आहे का बघा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. समितीतली माणसं बांधाचे, वाटेचे वाद कोळून प्यालेली असतात, त्यांचा उपयोग करून घ्या. पण गाव बक्षिसाला पात्र व्हायचं म्हणून घाईत मिटवलेले तंटेही मी बघितलेत. तुमचं प्रकरण तिथे नेलंत तरी दोघांना वेगवेगळं भेटणं सोडू नका.

कागदानंतर

बैठक झाली की नव्वद टक्के मध्यस्थ गायब होतात. कागदावरच्या प्रत्येक तारखेला तुम्ही फोन करायचा, हे आधीच सांगून ठेवा आणि करा. शब्द पाळला नाही तर पहिल्यांदा विचारा की अडलं कुठे. बहुतेक वेळा पगार झालेला नसतो किंवा परीक्षा असते, तारीख बदलून मिळते. दुसऱ्यांदा चुकलं तर दोघांना परत बसवा. तिसऱ्यांदा ज्याला लागलं त्याला सांगा की कोर्टाचा रस्ता तुमच्यासाठी उघडा आहे, आणि खरंच बाजूला व्हा.

आमच्या दोघांनी पैसे वेळेत दिले. गाडा ढकलायचं मात्र चौथ्या दिवशी चुकलं. धाकट्याच्या आईला फोन लावला, पाचव्या दिवसापासून तो येऊ लागला. मग दोन संध्याकाळी वळीव आला आणि गाडाच लागला नाही. पंधराव्या दिवशी मी हिशेबाला गेलो, तर मावशींनी बोटं मोजून सांगितलं की चुकलेली एक आणि पावसातल्या दोन, अजून तीन राहिल्यात. धाकट्यानं मान डोलावली आणि शेगडीत कोळसा घातला.